मागच्या टायरची चमक

ही गोष्ट मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही. बायकोला नाही, आमच्या शेठला नाही. एका मुलीची नवीकोरी मोटरसायकल पहिल्याच दिवशी घसरली. मागे बसलेल्या तिच्या आईचा गुडघा मोडला. चूक मुलीची झाली असं मी भर रस्त्यात, गोळा झालेल्या माणसांसमोर सांगितलं. चूक माझी होती. आणि ते मला तिथेच, टायरकडे पाहताक्षणी कळलं होतं.

मी भिवंडीत, नारपोलीच्या बाजूला एका दुचाकींच्या शोरूममध्ये सर्व्हिस सुपरवायझर आहे. पुढे काचेचं शोरूम, मागे वर्कशॉप. पुढच्या बाजूला सेल्सची टाय घातलेली मुलं, मागे आम्ही. या धंद्यात माझे केस पिकले, त्यामुळे वाचणाऱ्याने मला अनाडी समजू नये. अनाडी असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

आधी थोडं कामाबद्दल सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. नवी गाडी कंपनीतून येते तेव्हा लगेच चालवण्याजोगी नसते. बॅटरी जोडायची असते, आरसे लावायचे असतात, चेनचा ताण आणि ब्रेक बघायचे असतात, टायरमधली हवा जास्त असते ती कमी करायची असते. गाडी ग्राहकाच्या हातात देण्याआधीच्या या तपासणीला आम्ही पीडीआय म्हणतो. पीडीआय ग्राहक बघत नाही. तो बघतो चमक. म्हणून सगळ्यात शेवटी गाडी धुऊन, पुसून, टायरला पॉलिश मारून उभी करायची.

टायर पॉलिशचा एक नियम आहे. ते फक्त टायरच्या बाजूला लावायचं, जिथे कंपनीचं नाव छापलेलं असतं तिथे. जो भाग रस्त्याला टेकतो, ज्याच्यावर नक्षी असते, त्याला फडकासुद्धा लागू द्यायचा नाही. रबराने रस्ता धरायचा असतो. मधे चिकट-बुळबुळीत काही आलं की रबर रस्ता सोडतं. मुळात कोऱ्या टायरवर कारखान्यातूनच थोडा बुळबुळीतपणा आलेला असतो. तो जाईपर्यंत नवी गाडी वळणावर जपून घ्यायची. हे मी प्रत्येक नव्या मेकॅनिकला पहिल्या आठवड्यात शिकवतो. त्या वेळीही शिकवत होतो.

काही वर्षांपूर्वीचा दसरा. दसऱ्याला आमच्याकडे काय असतं ते भिवंडीतल्या माणसाला सांगायला नको. सगळ्यांना गाडी मुहूर्तावरच पाहिजे. सकाळपासून शोरूमच्या दारात झेंडूच्या माळा, नारळ, लिंबं, पेढ्यांचे पुडे, प्रत्येक गाडीमागे अख्खं घर. शेठ स्वतः दारात उभे. ते मागे वळून फक्त एकच विचारत होते, "पुढची गाडी कुठेय, म्हात्रे?"

दुपारच्या आत पॉलिशचा कॅन संपला. दुकानं बंद. माझ्याबरोबर अस्लम होता, हात चांगला चालायचा त्याचा. तो म्हणाला, पाणी मारून देऊ, कोण बघतंय. पण पाणी वाळलं की टायर भुरकट दिसतो, आणि त्या दिवशी प्रत्येकाच्या हातात मोबाईल होता.

आमच्या भिंतीला लागून एक लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, कारखाना आहे. त्या दिवशी लूम बंद होते, मशीन धुऊन-पुसून माळा घातलेल्या. लूमला जे तेल घालतात ते पाण्यासारखं असतं. कापडावर थेंब उडाला तरी डाग राहू नये म्हणून तसलं वापरतात. बोटाला लावा, बोट नुसतं चमकतं, रंग दिसत नाही. हे मला लहानपणापासून माहीत. आमच्या गल्लीत सगळ्यांच्या अंगाला त्याचा वास असायचा. मी अस्लमला म्हणालो, बाजूला जा आणि बाटलीभर तेल माग. तो घेऊन आला. एका गाडीच्या टायरच्या बाजूला लावून बघितलं. पॉलिशपेक्षा बरं दिसलं. मला त्या वेळी स्वतःच्या डोक्याचं कौतुक वाटलं, हेही लिहून ठेवतो.

तसल्या चार-पाच गाड्या गेल्या. तेल बाजूलाच लावलं होतं. त्यांना काही झालं नाही.

मग प्रणालीची गाडी आली.

प्रणाली खारबावच्या बाजूची. वडप्याला एका गोडाऊनमध्ये माल उतरवून घेण्याच्या विभागात होती, हातात स्कॅनर घेऊन दिवसभर उभं राहायचं काम. गावातून वडप्याला जायचं तर दोन रिक्षा बदलायच्या, सकाळची शिफ्ट असली की रिक्षा मिळायची मारामार. म्हणून तिने गाडी घ्यायची ठरवली. स्कूटी नको, मोटरसायकलच, कारण ट्रेलरनी रस्त्याला पाडलेल्या खड्ड्यात लहान चाक नाचतं. हे कारण तिने बुकिंगला आली तेव्हा मलाच सांगितलं होतं आणि मला ते पटलं होतं. तिच्या मोठ्या भावाला, हेमंतला, पटलं नव्हतं. वडील नव्हते. गाडी शिकली होती ती मामेभावाच्या गाडीवर, गावच्या मैदानात. लायसन्स झालं होतं. रस्त्यावर फार चालवलेली नव्हती.

त्या दिवशी ती, आई आणि हेमंत असे तिघे आले होते. हेमंत स्वतःच्या गाडीवर. आई नवं लुगडं नेसून, हातात हळदी-कुंकवाचं ताट घेऊन.

गाडी बाहेर काढली. हेमंतने मागच्या बाजूने मोबाईल धरला आणि थांबला. म्हणाला, "म्हात्रे साहेब, मागून टायर बघा. बाजू काळी आणि मध्ये राख फासल्यासारखा. बहिणीची नवी गाडी हाय का भंगारातली उचलली?"

आजूबाजूचे हसले. सेल्सचा मुलगाही हसला. शेठने मान वळवली.

आता नीट लिहितो. अस्लम आत दुसऱ्या गाडीवर होता. फडका माझ्या खांद्यावर होता आणि बाटली माझ्या पायाशी. मी खाली बसलो. मागचं चाक हाताने फिरवत फिरवत नक्षीवरून फडका मारला, पूर्ण गोल, या कडेपासून त्या कडेपर्यंत. नियम मला आठवत होता. विसरलो वगैरे काही नाही. मी मनात म्हणालो, रस्त्याला लागल्यावर दोन मिनिटांत निघून जाईल.

टायर चकाकला. हेमंतने फोटो काढला. "आता कशी वाटते," म्हणाला.

पूजा झाली. नारळ फुटला, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. त्यांच्याकडे पहिली फेरी गावदेवीला असते, आणि नवी गाडी देवीकडे घरातला पुरुष नेतो. त्यामुळे हेमंतने सरळ चावीसाठी हात पुढे केला. त्याची आई मध्ये आली.

"गारी तिची हाय. तीच नेल. मी तिच्या मागं बसते, तू तुझी गारी घेऊन ये."

"आई, ती मैदानात शिकलीय. रोडला ट्रेलर असतात."

"मग काय जलमभर मैदानातच फिरवायची तिनी?"

असं म्हणून ती बाई ताट हेमंतच्या हातात देऊन मागच्या सीटवर बसली सुद्धा. एकीकडे पाय सोडून, जशा त्या वयाच्या बायका बसतात तशी. सीटवर दुसरं कोणी बसलं असतं तर हेमंतने चावी घेतली असती. आईला उठवणं त्याला जमलं नसतं, हे तिला माहीत होतं.

प्रणालीने हेल्मेटचा पट्टा लावला. गाडी चालू करण्याआधी माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, नवीन गाडी आहे, काही सांभाळायचं आहे का?"

मी पुढच्या गाडीकडे बघत होतो. म्हणालो, "काही नाही. पहिली सर्व्हिस वेळेवर आण."

लिंबू फुटलं आणि गाडी गेली.

तेल दोन मिनिटांत निघून जातं हे अर्धं खरं आहे. सरळ रस्त्यावर टायरचा फक्त मधला पट्टा रस्त्याला टेकतो. तेवढा घासून साफ होतो. कडा टेकतच नाहीत. गाडी वळणावर वाकली की मग कड खाली येते. म्हणजे गाडी नीट चालते, ब्रेक नीट लागतो, चालवणाऱ्याला विश्वास बसतो, आणि पहिल्या खऱ्या वळणावर तिच्या खालून रस्ता निघून जातो. नारपोलीतून निघून अंजूरफाट्यावरून खारबावच्या रस्त्याला लागलं की बराच वेळ सरळच आहे. फाट्यावर गर्दी असते, तिथे गाडी वाकवायला कोणाला जागाच नसते. पहिलं खरं वळण गावाच्या अलीकडे.

हेमंतचा फोन शोरूमला आला तेव्हा मी जेवायला बसलो होतो. शेठ म्हणाले, तूच जा, बघून ये. मी अस्लमला घेतलं आणि आमचा टेम्पो काढला.

रस्ता कोरडा होता. ऊन पडलेलं. खडी नाही, चिखल नाही, समोरून कोणी आलेलं नाही. आईला एका ओळखीच्या रिक्षात घालून दवाखान्यात नेलं होतं. तिचा पाय गाडीखाली आला होता. प्रणाली रस्त्याच्या कडेला बसली होती, हेल्मेट मांडीवर. कोपर सोललं होतं. गावातले दहा-पंधरा लोक जमले होते. माझ्याकडे बघून ती लगेच बोलायला लागली, जणू माझीच वाट बघत होती.

"काका, मी काहीच केलं नाही. हळू होते मी. वळताना मागून कोणीतरी चाक ओढून घेतल्यासारखं झालं."

तिने अगदी बरोबर सांगितलं होतं. मागचं चाक सुटलं की तसंच वाटतं.

मी गाडीजवळ बसलो. मागच्या टायरचा मधला पट्टा करडा झालेला, रस्त्याचा रंग आलेला. दोन्ही कडा काळ्या, चकचकीत. आणि डाव्या कडेला, जिथून गाडी घसरली तिथे, रस्त्याची धूळ पिठासारखी चिकटून बसली होती. झेंडूची एक पाकळीही तिथेच चिकटली होती. कोरड्या टायरला पाकळी चिकटत नाही. मी हात लावला आणि बोटं पँटला पुसली.

आमच्या धंद्यातल्या कोणत्याही माणसाने ते बघून सांगितलं असतं. पण तिथे आमच्यातला मीच होतो. अस्लम टेम्पो वळवत होता.

हेमंत माझ्या डोक्यावर उभा होता. "साहेब, तुमीच सांगा. गाडीत फॉल्ट हाय का हिच्यात?"

मी उठलो. गाडी सरळ केली, हँडल दोन्हीकडे वळवून पाहिलं, पुढचा ब्रेक दाबला, सोडला, परत दाबला. तपासण्यासारखं काही नव्हतं. मला वेळ पाहिजे होता. त्या वेळात माझ्या डोक्यात काय आलं तेही सांगतो. त्या बाईचा पाय आला नाही. शेठ आले, नोकरी आली, सर्व्हिस सुपरवायझरने टायरला लूमचं तेल लावलं ही बातमी साऱ्या भिवंडीत कशी पसरेल ते आलं. लोक हसतील हे आलं.

मी म्हणालो, "गाडी ओके आहे. वळणावर पुढचा ब्रेक दाबला गेला असणार. नवीन हात आहे."

प्रणाली म्हणाली, "मी ब्रेक दाबला नाही."

"कळत नाही गं तेव्हा. घाबरल्यावर हात आपोआप जातो. सगळ्यांचं होतं असं."

हे मी प्रेमाने म्हणालो. तिच्या डोक्यावर हातसुद्धा ठेवला. बाकीच्या सगळ्यापेक्षा मला त्या हाताची लाज जास्त वाटते.

पुढच्या ब्रेकने गाडी पडते तेव्हा पुढचं चाक आधी जातं. इथे मागचं गेलं होतं, आणि ते तीच सांगत होती. पण मी कंपनीचा शर्ट घातलेला माणूस होतो. तिने आपला उजवा हात समोर धरला, बोटं उघडली, मिटली, परत उघडली. पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. आपल्या हाताने आपल्याला न सांगता हे केलं की काय, असं ती त्या हाताकडे बघत होती.

हेमंत म्हणाला, "बोललो होतो मी. मैदानातली चालवणारी." जमलेल्यांपैकी एकाने मुलींना स्कूटीच बरी असं सांगितलं, बाकीच्यांनी माना हलवल्या. सगळ्यांना कारण मिळालं होतं. माणसं पांगली.

गाडी टेम्पोत घालून वर्कशॉपला आणली. अस्लम हँडल खोलायला गेला आणि मी बादलीत साबणाची पावडर कालवून ब्रश घेऊन मागच्या चाकाजवळ बसलो. सुपरवायझर स्वतः कधी गाडी धूत नाही. अस्लम थोडा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "साहब, वो लूमवाला तेल..."

"कौन सा तेल?"

तो पाना उचलून कामाला लागला. पुढे त्याने तो विषय काढला नाही. वर्षभराने गावी गेला तो परत आला नाही. मी त्याच्याशी नुसतं खोटं बोललो असं नाही. मी त्याला खोट्यात घेतलं.

दुसऱ्या दिवशी शेठने केबिनमध्ये बोलावलं.

"आपली काही गलती नाही ना, म्हात्रे?"

"नाही शेठ. नवीन हात."

"मग ठीक. दवाखान्यात फळं-बिळं घेऊन जा आपल्यातर्फे."

गेलो. आईच्या गुडघ्यात प्लेट घातली होती. ती शुद्धीवर होती, मला म्हणाली बसा. मी उभाच राहिलो आणि फळं ठेवून निघालो.

पुढे काय झालं ते तुकड्यांत कळत गेलं. आईचा पाय पूर्ण बरा झाला नाही. खाली मांडी घालून बसता येत नाही, शेतावर जाता येत नाही, चालताना एका बाजूला झुकते. गाडी हेमंतने विकायला काढली. आमच्याकडेच आणली आणि तिची किंमत ठरवायला बसलो तो मीच. टाकीला ओरखडे म्हणून मी किंमत कमी लावली. प्रणाली परत दोन रिक्षा बदलून वडप्याला जायला लागली. सकाळची शिफ्ट तिला झेपेना, म्हणून तिने ती सोडली, आणि सकाळच्या शिफ्टवाल्यांना जी बढती मिळाली ती हिला तेव्हा मिळाली नाही. हे मला तिच्याच गोडाऊनमधला एक ग्राहक सहज बोलता बोलता सांगून गेला. मी त्याच्या गाडीची चेन बघत होतो. मान वर केली नाही.

माझ्यात एक बदल झाला. आमच्याकडून निघणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीचे टायर मी साबणाने धुऊन घेतो, दोन्ही, नक्षीतून ब्रश फिरवून. मुलं याला टायरचा अभिषेक म्हणतात. "साहेब, दूध घालू का आज?" असं विचारतात. प्रत्येक नव्या मालकाला मी उभं करून सांगतो की पहिले काही दिवस वळणावर गाडी वाकवू नका. कोणी विचारलं हे सगळं कशासाठी, तर सांगतो कंपनीचा नियम आहे. नियम आहेच. कारण ते नाही.

गेल्या हिवाळ्यात खारबावच्या बाजूच्या एका शाळेत दुचाकी शिकणाऱ्या मुली-बायकांसाठी कार्यक्रम होता. हेल्मेट, लायसन्स, सुरक्षितता असा. शोरूमकडून माणूस मागितला, शेठने मला पाठवलं. स्टेजवर माझ्या शेजारच्या खुर्चीत प्रणाली होती. मी तिला आधी ओळखलंच नाही. अंगाने भरली होती, गळ्यात गोडाऊनचं कार्ड. आता ती टीम लीडर होती. ती म्हणाली, "काका, ओळखलं का?" आणि वाकून नमस्कार केला.

ती माझ्या आधी बोलली. छान बोलली. समोरच्या मुलींना म्हणाली, घाबरू नका, पण घाई करू नका. मी घाई केली होती. गाडी घेतली त्याच दिवशी पडले. वळणावर पुढचा ब्रेक दाबला आणि मला कळलंसुद्धा नाही. माझ्या त्या एका चुकीने माझ्या आईचा पाय कायमचा गेला. मग तिने उजवा हात वर केला आणि म्हणाली, या हातावर माझा अजून विश्वास नाही. म्हणून मी आता स्कूटी चालवते, आणि वळण आलं की दोन बोटंच ब्रेकवर ठेवते, चार नाही. तुम्हीही तसंच करा. मुली वहीत लिहून घेत होत्या.

मग ती माझ्याकडे वळली. "माझं नेमकं काय चुकलं ते त्या दिवशी मला म्हात्रे काकांनी सांगितलं. रागावले नाहीत. म्हणून मी शिकले."

टाळ्या वाजल्या. आयोजकांनी शाल काढली आणि माझ्या हातात नारळ दिला. शाल तिच्याच हातून घालायला लावली.

मी माइकसमोर उभा राहिलो. टायरच्या हवेबद्दल बोललो. चेनला तेल कधी घालायचं ते सांगितलं. तेल हा शब्द तोंडातून आला तेव्हा एकदा थांबलो. आयोजकांनी पाण्याची बाटली पुढे केली. पाणी प्यायलो आणि आरसे कसे लावायचे त्याच्यावर गेलो.

कार्यक्रमानंतर ती म्हणाली, घर पाठीमागेच आहे, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही. नाही म्हणायला कारण सुचलं नाही. आई ओटीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. हेमंत कामावर होता. मला बघून ती उठायला लागली, खुर्चीच्या हातावर जोर देऊन, आधी एक बाजू आणि मग दुसरी. मी म्हणालो, बसा, बसा.

प्रणालीने चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत एका वाटीत तिळाचं तेल कोमट करून आणलं, आईच्या पायाशी बसली आणि गुडघ्याला लावायला लागली. मी आहे म्हणून लाजली नाही. "रोजचंच आहे, काका. कामावरून आलं की आधी हे."

ती कप आणायला आत गेली तेव्हा आई हळू आवाजात माझ्याशी बोलली.

"भाऊ, मी हिला नको म्हनते. ऐकत न्हाय. तेल लावताना माझ्याशी बोलत पन न्हाय, नुसती गुडघ्याकडे बघत बसते. तिला वाटते तिनीच मला पाडली. लग्नाचा काढला का बोलते, तुझा कोन करंल. मी माझी हट्टानं बसले व्हते मागं, तिनी न्हाय बसवली. तुमी तिला समजवा ना एकदा. माझा न्हाय ऐकत, तुमचा ऐकंल ती. तुमचा लय मानते."

दाराच्या आत कप वाजत होते. समोर ती बाई माझ्या तोंडाकडे बघत होती. मला दुसरं काही करायचं नव्हतं, फक्त तोंड उघडायचं होतं. त्यांनी मला हाताला धरून त्या जागेपर्यंत आणून उभं केलं होतं.

प्रणाली चहा घेऊन आली. मी म्हणालो, "आई बरोबर सांगते. किती दिवस मनाला लावून घेशील? नवीन हातात होतंच असं."

ती हसली, मान हलवली. "हो, काका." आणि वाटी उचलून आत नेली.

मी चहा संपवून निघालो. शाल घरी कपाटात आहे. नारळ बायकोने फोडला.

धंद्यातल्या माणसाने शेवटी उपयोगाचं काही सांगावं म्हणून सांगतो. नव्या टायरच्या नक्षीला काहीही लावू नका, कोणी फुकट लावून देत असेल तरी. नवी गाडी हातात घेताना टायरवरून कोरडं बोट फिरवून बघा. पहिल्या दिवशी मागे कोणाला बसवू नका. आणि कोणी पडलं, तर चूक कोणाची हे जो माणूस लगेच सांगतो, त्याच्या हाताकडे जरा बघा.

हे लिहिलं म्हणून माझं काही फिटलं नाही. नावं बदलली आहेत, त्या मायलेकींपर्यंत हे पोचणार नाही, आणि पोचावं म्हणून मी लिहिलेलंही नाही, हेही खरं आहे. मला त्यांच्या ओटीवर जायचं आहे, हेमंत घरी असेल अशा दिवशी, आणि तिघांसमोर सांगायचं आहे की प्रणालीने ब्रेक दाबला नव्हता. टायरला तेल मी लावलं होतं. एवढं सांगायचं आहे. अजून सांगितलेलं नाही.